सहा वर्षांची नोकरी आणि जन्मभराचे ‘गुरुजी’पण

खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेने विचारले आहे की, २४ डिसेंबरला साने गुरुजींविषयी मुलांपुढे बोलायचे म्हटले की हाती दोन तारखा, ‘मातृहृदयी’ हे एक विशेषण आणि डोळ्यांतले पाणी एवढेच लागते. त्यांचे शिक्षक असणे आणि त्यांचे लेखक होणे यांचा खरा संबंध काय होता, आणि ज्या शिक्षकाला स्वतः मुलांसाठी लिहावेसे वाटते त्याने गुरुजींकडून नेमके काय घ्यावे? मी बेळगाव जिल्ह्यातील मराठी शाळांत चौतीस वर्षे शिकवले आणि त्या काळात मुलांसाठी थोडेबहुत लिहिले. त्या अनुभवाच्या आधाराने उत्तर देतो.

बाई, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, कारण तुम्ही शिक्षकपण आधी ठेवले आहे आणि लेखकपण नंतर. भाषणांत बहुधा याच्या उलटे होते. ‘श्यामची आई’ लिहिणारे थोर लेखक, जे काही काळ शाळेतही शिकवत होते, अशी गुरुजींची ओळख करून दिली जाते. माझ्या मते त्यांच्या आयुष्याकडे या बाजूने पाहिले की ते कळेनासे होते. वसतिगृहातल्या मुलांशी रोज काहीतरी बोलल्याशिवाय ज्याला चैन पडत नव्हती, अशा माणसाचे बोलणे हळूहळू कागदावर उतरत गेले आणि त्यातून एक लेखक तयार झाला. ही गोष्ट नीट सांगता आली तर तारखा आपोआप जागच्या जागी बसतात.

जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणे खोताचे, पण गुरुजींना कळू लागले तोवर वैभव ओसरून कर्ज आणि जप्ती दाराशी आली होती. आईचे नाव यशोदा. ती १९१७ मध्ये गेली तेव्हा मुलगा शिक्षणासाठी परगावी होता आणि शेवटची भेट झाली नाही. पुढच्या सगळ्या लेखनात आई इतकी का येते, याचे कारण या चुकलेल्या भेटीत आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. दापोली, औंध, पुणे अशी शाळेची वाट, मग पुण्यात बी. ए., आणि त्यानंतर खानदेशातील अमळनेरला प्रताप शेठजींच्या तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास आणि एम. ए. एवढा भाग वर्गात पाच मिनिटांत सांगावा. मुलांना त्यात रस नसतो आणि ते योग्यच आहे.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक म्हणून लागले ते १९२४ साल. आपल्याकडच्या मुलांना हे वर्ष लक्षात राहावे असे वाटत असेल तर त्यांना सांगा की, त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि त्यासाठी खोदलेली ‘काँग्रेस विहीर’ आजही तिथे आहे. इकडे विहीर खोदली जात होती त्या सुमारास तिकडे खानदेशात एक पंचविशीचा तरुण मास्तर पहिल्यांदा वर्गावर जात होता. जोडणी माझी आहे, इतिहासात तिला काही अर्थ नाही. पण मुलांच्या मनात वर्ष टांगायला खुंटी लागते, आणि ती आपल्या गावातली असली तर जास्त टिकते.

आता मुख्य भागाकडे येतो. गुरुजींनी शाळेची नोकरी किती वर्षे केली, असे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात विचारत असे. वीस, पंचवीस, कुणी तर तीसही म्हणत. नोकरी फक्त सहा वर्षे केली, १९२४ ते १९३०. आपल्यापैकी पुष्कळांना सहा वर्षांत बदलीसुद्धा मिळत नाही. त्या सहा वर्षांत माणूस असा काय शिकवून गेला की उरलेल्या आयुष्यात तुरुंगात असो, सभेत असो, वृत्तपत्राच्या कचेरीत असो, लोक त्याला ‘गुरुजी’ याच नावाने ओळखत राहिले? याचे उत्तर वर्गात कमी आणि छात्रालयात जास्त सापडते. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि ते मुलांतच राहू लागले. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायच्या, अस्ताव्यस्त पसरलेले सामान आवरून ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायच्या, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे, प्रसंगी त्याचे कपडेही धुवायचे, हा त्यांचा परिपाठ. आपण वसतिगृहाच्या अधीक्षकाकडून हजेरी आणि शिस्त यांची अपेक्षा करतो. गुरुजींनी न बोलता खोली झाडून ठेवली की दुसऱ्या दिवशी मुलगा ओशाळून स्वतःच झाडू हातात घेत असे. उपदेश न करता उपदेश पोचवण्याची ही रीत पुढे त्यांच्या गोष्टींत जिथे जिथे उतरली तिथे गोष्ट उत्तम झाली, आणि जिथे ते ही रीत विसरले तिथे गोष्ट जड झाली. या दुसऱ्या वाक्याकडे पुढे परत येईन.

याच छात्रालयात त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. हे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढत आणि मुलांना वाचायला ठेवत. त्यात छात्रालयातल्या घडामोडी असत, कुणाचे कौतुक असे, कुणाला प्रेमाने दिलेली कानपिचकी असे, आणि बाहेरच्या जगात काय चालले आहे हेही असे. माझ्या मते मराठी बालसाहित्याच्या इतिहासात या हस्तलिखित कागदांना पुष्कळ वरचे स्थान द्यायला हवे. कारण असे पाहा, छापील पुस्तकाचा लेखक आपला वाचक कल्पनेत उभा करतो. रोजच्या हस्तलिखिताच्या लेखकाला मात्र वाचक समोर दिसतो. काल लिहिलेला मजकूर मुलाने उभ्याउभ्या वाचला की अर्ध्यात सोडला, हसला की मान वळवून गेला, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळते, आणि दुसऱ्या दिवशी लेखणी आपोआप सुधारते. अशी रोजची तपासणी ज्याच्या लेखनाची झाली, त्याला वेगळी शैली घडवावी लागत नाही. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले ते या सवयीचेच पुढचे पाऊल होते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी एका लहान गावातल्या शाळेत असताना मी ही गोष्ट करून पाहिली. जुन्या कॅलेंडरांची पाठची कोरी बाजू, घरी शिजवलेली मैद्याची खळ आणि वर्गाच्या दाराशेजारची भिंत, एवढे भांडवल. पहिले पंधरा दिवस मीच लिहिले आणि मुलांनी ते भिंतीवरची पाल पाहावी तितक्याच उत्साहाने पाहिले. मग एके दिवशी पाचवीतल्या एका मुलाने न विचारता खाली कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले, ‘आज आमच्या म्हशीने दूध दिले नाही. बाबा रागावले. म्हैस रागावली नाही.’ दुपारच्या सुट्टीत त्या कोपऱ्यापुढे एवढी गर्दी जमली की डबे उघडायचेच राहून गेले. त्या तीन वाक्यांत विनोद आहे, घरची तंगी आहे, आणि बापाच्या रागाकडे पाहण्याची मुलाची तिरकी नजरही आहे. पण त्याने यातले काहीच ‘घातलेले’ नाही. मी तोवर तीन वर्षे बालकथा लिहीत होतो आणि असे एक वाक्य मला साधले नव्हते. त्या दिवसापासून भिंत मुलांच्या ताब्यात दिली आणि मी वाचक झालो.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या लाटेत गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगवास सुरू झाले. तुरुंगातला एक प्रसंग शिक्षक-लेखकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत असत. एकेका अध्यायावर एक प्रवचन, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अशी अठरा प्रवचने झाली, आणि ती ऐकता ऐकता उतरवून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे ती त्या लेखणीमुळे. भाविक वाचक यात गुरुजींची निष्ठा पाहतात. मला यात एक कसब दिसते. बोलणाऱ्याच्या वाक्याचा श्वास न मोडता ते कागदावर आणणे किती अवघड असते, हे ज्याने कुणाचे भाषण उतरवून घेतले आहे त्याला विचारा. शब्द येतात, पण आवाज हरवतो. सलग अठरा रविवार ज्याच्या हाताला हा सराव झाला, त्याच्या हातून वर्षभराच्या आत ‘श्यामची आई’ उतरते, हा योगायोग नव्हे.

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ या गुरुवारी लेखन सुरू झाले आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी थांबले. दिवसा तुरुंगातले काम आणि लेखन बहुतेक रात्रीचे. पुस्तक म्हणून ते १९३५ मध्ये बाहेर आले. पाच दिवसांत असे पुस्तक कसे लिहून होते, म्हणून लोक आश्चर्य करतात आणि लगेच प्रतिभेचे, दैवी स्फूर्तीचे नाव घेतात. मला त्यात शिक्षकाची तयारी दिसते. पुस्तकाची रचनाच पाहा. प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकंदर बेचाळीस. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. ऐकणारे मधूनच विचारतात, उद्याची वाट पाहतात, कुणी उशिरा आला तर त्याच्यासाठी थांबतात. हा सांगणारा आणि हे ऐकणारे अमळनेरच्या छात्रालयातून आलेले आहेत. समोर बसलेला श्रोता लेखकाने पुस्तकाच्या आतच बसवून घेतला, त्यामुळे त्याला कधी अलंकारिक भाषणाचा मोह झालाच तर तो श्रोताच त्याला जमिनीवर आणतो. आठवणी वर्षानुवर्षे सांगून झालेल्या होत्या; लिहिणे तेवढे शिल्लक होते.

वर्गात वाचायला मी बहुधा ‘अळणी भाजी’ची रात्र घेत असे, आणि तुम्हीही तीच घ्यावी असे सुचवतो. प्रसंग एवढाच की, आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील मिठाबद्दल काही न बोलता ती भाजी खातात, त्यांच्याकडे पाहून मुलेही गप्प राहतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. राबून स्वयंपाक करणारीचे मन मोडू नये, एवढीच त्यातली गोष्ट. एका वर्षी मी ही रात्र सहावीत वाचली. वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या आया पहाटे उठून दुसऱ्याच्या शेतावर किंवा कौलांच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या होत्या. वाचून झाल्यावर मी ठरलेला प्रश्न विचारला, वडील का बोलले नाहीत? ठरलेली उत्तरे आली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘गुरुजी, आई शेवटाला जेवती म्हणून तिला शेवटाला कळलं. संगट बसली असती तर पयल्या घासालाच कळलं असतं. आमच्यातबी आई शेवटालाच जेवती.’ वर्ग गप्प झाला. मी ही गोष्ट तोवर वीसेक वेळा वाचली असेन, आणि मला ती नेहमी वडिलांच्या समंजसपणाची गोष्ट वाटत आली होती. त्या मुलीने ताटांचा क्रम पाहिला होता. गुरुजींनी तो मुद्दाम दाखवलेला नाही, पण घर जसे होते तसे लिहिले असल्यामुळे तो तिथे आहे, आणि जवळपास शंभर वर्षांनंतरच्या एका मुलीला दिसू शकतो. नुसती शिकवण लिहिली असती तर तिला शिकवणच मिळाली असती. म्हणून मुलांपुढे गुरुजी ठेवताना वाचून झाल्यावर ‘यावरून आपण काय शिकलो’ हा प्रश्न एक दिवस तरी विचारू नका; थोडे थांबा, मुले आपण होऊन काय म्हणतात ते ऐका.

आता मघाशी राखून ठेवलेले बोलणे. गुरुजींच्या लेखनात सगळेच सारखे चांगले नाही आणि ते कबूल करण्यात अनादर नाही. जिथे प्रसंग बोलतो तिथे ते आजही ताजे वाटतात. जिथे प्रसंग संपल्यावर ते स्वतः बोलू लागतात, विशेषणांवर विशेषणे चढतात आणि अश्रू वाहू लागतात, तिथे आजचे मूल पान उलटते. अडचण अशी की, अनुकरण करणारा नेमके तेच उचलतो, कारण ते उचलायला सोपे असते. मी स्वतः उचलले होते. माझ्या पहिल्या संग्रहात अकरा गोष्टी होत्या आणि त्यांतल्या आठ गोष्टींत कुणी ना कुणी शेवटी रडत होते. भाषा तर अशी की, आमच्या गावचा गुराखी पोरगा ‘आई, मला क्षमा कर’ असे छापील मराठीत म्हणे. ज्या प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवले त्याने सहा महिन्यांनी न वाचता परत केले, याचा मला तेव्हा फार राग आला. पुढे मीच ते वाचले तेव्हा राग गेला. गुरुजींच्या घरातली मुले जी भाषा बोलत होती तीच गुरुजींनी लिहिली. आपल्या मुलांची भाषा ती नव्हे. आपल्याकडचे पोर ‘काय करूलायस’ म्हणते. मोठ्या बहिणीला अक्का आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणते. निवेदन तुम्ही प्रमाण मराठीत ठेवा, त्याला हरकत नाही, किंबहुना शिक्षकाने ते ठेवावेच. पण मूल तोंड उघडेल तिथे त्याचेच बोलणे असू द्या.

सीमाभागातल्या शिक्षकाला गुरुजींचे आणखी एक अंग इतरांपेक्षा जवळचे वाटायला हवे. १९३० च्या तुरुंगवासात त्यांना काही काळ तमिळनाडूतल्या त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले होते. तिथे दक्षिणेकडच्या निरनिराळ्या भाषांचे सत्याग्रही एकत्र होते. शेजारच्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, त्याची गाणी आणि गोष्टी आपण कधी ऐकलेल्या नाहीत, याची त्यांना तिथे लाज वाटली. भारतातल्या भाषांनी एकमेकींना जाणून घ्यावे, या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे मूळ त्या अनुभवात आहे. तमिळमधील ‘कुरल’ हा जुना नीतिग्रंथ त्यांनी मराठीत आणला, आणि १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार आग्रहाने मांडला. सीमाप्रश्नाविषयी माझी मते आहेत, तशी इथल्या प्रत्येकाची असतात, आणि ती मांडण्याची जागा हे उत्तर नव्हे. वर्गातली वस्तुस्थिती मात्र अशी की, आपले मूल सकाळी मराठीत गणित करते, पुढच्या तासाला कन्नड वाचते आणि एस. एस. एल. सी.पर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, दोन्ही भाषा त्याच्या दप्तरात असतात. आमच्या त्या भिंतीवर एका मुलीने एकदा लिहिले होते, ‘काल मळे आले आणि आजीचे मळे वाहून गेले.’ कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस आणि मराठीत मळे म्हणजे शेते. मी ते वाक्य लाल शाईने दुरुस्त करायला निघालो होतो, तेवढ्यात कन्नड शिकवणारे सर शेजारून येऊन खळखळून हसले आणि म्हणाले, ही कविता आहे, हात लावू नका. त्याच सरांकडून मला पंजे मंगेशराव कळले. १८७४ मध्ये बंटवाळला जन्मलेले हे गृहस्थ शिक्षक होते, पुढे शाळा तपासणारे अधिकारी झाले, आणि त्यांनी ‘कविशिष्य’ या नावाने कन्नड मुलांसाठी गाणी लिहिली. नागाला बिळाबाहेर बोलावणारी त्यांची कविता कर्नाटकातल्या कितीतरी पिढ्यांना पाठ आहे. तुमच्या शाळेत कन्नडचे शिक्षक असतीलच. २४ डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांना ती कविता म्हणायला सांगा. गुरुजींच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमात हे विषयांतर होईल अशी भीती बाळगू नका.

उरलेले चरित्र थोडक्यात सांगून चालेल, पण एक प्रसंग गाळू नये. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजी कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरले आणि शेवटी १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. ते १० मे रोजी सुटले. आपल्या भागातून आषाढीला, कार्तिकीला पायी दिंड्या जातात, मुलांच्या घरातले कुणी ना कुणी वारी करते. त्यामुळे मंदिरात जाण्याला एकेकाळी कुणाला बंदी होती आणि एका शाळामास्तराने त्यासाठी अन्न सोडले, हे त्यांना लगेच समजते आणि ती पुष्कळ प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची तयारी करून जा. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. शेवटच्या काळात पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे मला त्यांच्या सगळ्या लेखनात विशेष आवडतात. पाऊस, झाडे, प्रवास, वाचलेली पुस्तके, भेटलेली माणसे, जे डोळ्यांपुढे येईल ते एका मुलीला सांगत जाणारा काका त्यांत आहे, आणि छात्रालय दैनिकाची रीत तिथे पुन्हा दिसते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. लहान मुलांपुढे ते १९५० मध्ये वारले एवढेच म्हणणे पुरेसे आहे. मात्र वरच्या वर्गातल्या एखाद्याने ऐकून-वाचून थेट विचारले तर खोटे सांगू नका आणि त्या मरणाला त्यागाचा मुलामाही देऊ नका. ते मनाने फार थकले होते, आणि अशा वेळी माणसाने कुणाशी तरी बोलायला हवे, एवढे शांतपणे सांगावे.

गुरुजी कोकणातले आणि खानदेशातले, त्यांची माती वेगळी, असे कुणी म्हटले तर आपल्या बेळगावचेच उदाहरण द्यायला हवे. इंदिरा संत (१९१४–२०००) यांना महाराष्ट्र थोर कवयित्री म्हणून ओळखतो, ‘गर्भरेशीम’साठी त्यांना १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण बेळगावात त्या शिक्षिका होत्या, शिक्षक घडवणाऱ्या अध्यापन विद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि तिथे त्या प्राचार्याही झाल्या. त्यांची ‘गवतफुला’ ही कविता मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. गुरुजींच्या शेजारी ती ठेवून पाहिली की फरक कळतो. गुरुजी मुलाला जवळ घेऊन सांगतात. इंदिराबाई मुलाच्या शेजारी गवतात बसतात आणि तेही जे पाहते आहे ते पाहतात. तिथे शिकवण नाही, अश्रू नाही, आहे ते एक इवलेसे फूल आणि त्यावर खिळलेली नजर. मला विचाराल तर नव्या लेखकाने आधी इंदिराबाईंकडे पाहणे शिकावे आणि मग गुरुजींकडे सांगणे शिकावे. उलट क्रमाने गेलेल्यांची, मी धरून, पुष्कळ वर्षे वाया जातात.

तुमच्या स्वतःच्या लेखनाविषयी आता थोडे. सुरुवात पुस्तकाने करू नका. आठवड्यातून एक कागद भिंतीवर लावा आणि तो सहा महिने न चुकता लावा. नली-कलीच्या, म्हणजे खेळत-करत शिकणाऱ्या पहिली ते तिसरीच्या, लहान मुलांसाठी लिहीत असाल तर गोष्ट दोन फळ्यांत मावेल एवढी असावी; चौथी-पाचवीसाठी एका तासिकेत वाचून होईल आणि दहा मिनिटे बोलायला उरतील एवढी. गोष्ट आधी तोंडी सांगा. तीन वेगळ्या दिवशी तीच गोष्ट सांगताना तुम्ही जो भाग प्रत्येक वेळी विसरता तो गोष्टीत नको असतो, आणि जो भाग मुले तुमच्या आधी बोलून टाकतात तो कधीही काढायचा नसतो. अमळनेरपासून नाशिकपर्यंतच्या नऊ वर्षांत गुरुजींच्या आठवणींची अशीच चाळणी होत गेली असणार. सी. आर. पी. (आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करणारे) किंवा कुणी अधिकारी भेटीला आले आणि भिंतीवर अशुद्ध मराठी का, असे विचारले, तर मुलांच्या वह्यांतले शुद्धलेखन त्यांना दाखवा. भिंत आणि वही यांचे काम वेगळे आहे हे बहुतेकांना पटते. ज्यांना पटत नाही त्यांच्या समोर एक शुद्ध सुविचार लावून ठेवावा, ते निघून जातात.

कडोली, उचगाव अशा आपल्या गावांत दर वर्षी साहित्य संमेलने भरतात. तिथे जा, पण पहिले वर्षभर व्यासपीठावर वाचू नका. मोठी माणसे बालकथेला टाळ्या देतात त्या बहुतेक स्वतःच्या बालपणाला असतात, आणि त्या टाळ्यांनी लेखणी बिघडते. तुमचा परीक्षक तुमच्याच वर्गात आहे. सहा महिन्यांनंतर जी एक गोष्ट मुले पुन्हा मागतील ती मला अवश्य पाठवा. पाठवण्याआधी तिची एक प्रत हातात घेऊन ती वर्गात सावकाश वाचा, आणि ज्या ज्या ओळीला एखादे मूल खिडकीबाहेर पाहू लागेल त्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक खूण करा. मला ती खुणा केलेली प्रत हवी, स्वच्छ प्रत नको.